निम्मा वाटा

अडीचशे वर्षांपूर्वी आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात खोटी नाणी पाडल्याबद्दल आम्हा मिजलींचा पूर्वज फासावर गेला. साक्ष शेजारच्या थॅकराच्या पूर्वजाने दिली आणि बक्षिसाच्या पैशातून ही टेकडी घेतली. अजूनही पबमध्ये मी पैसे काढले की कोणीतरी म्हणतंच, "मिजलीचं नाणं आहे, आधी चावून बघा." मीही हसतो. आज म्हाताऱ्या थॅकराच्या परवानगीने त्याच्या पूर्वजाच्या पडक्या जुन्या घरात धातुशोधक यंत्र फिरवलं, आणि ते चुलीच्या दगडाशी वाजलं. उकरल्यावर कथलाचा पेला निघाला. आत मुलामा उडालेले तीसेक खोटे शिलिंग. पेल्यावर वर्तुळ कोरलं होतं, त्यात दोन रेघा. तीच पिढीजात मालकीची खूण लाल रंगात पाठीवर घेऊन थॅकराची मेंढरं समोर चरत होती. शेजारी उभ्या म्हाताऱ्याने पेला हातात घेऊन खुणेवरून अंगठा फिरवला. "जे सापडेल ते निम्मं निम्मं, असं ठरलंय ना आपलं?" तो म्हणाला. "पेला माझा. नाणी सगळी तू घे." "पण ही तुमच्या चुलीखाली निघालीत," मी म्हणालो. "तुम्हा मिजलींच्याच घरात शोभतील," म्हातारा म्हणाला. मी फोटोसाठी फोन काढेपर्यंत पेला त्याच्या कोटात गेला होता. उकरलेला खड्डा बुजवायचा आम्हा यंत्रवाल्यांचा नियम आहे, तो मी बुजवला आणि नाणी पिशवीत भरून निघालो. संध्याकाळी पबमध्ये नोट पुढे केली. "तुझ्याकडे पिशवीभर खोटी नाणी सापडली म्हणे," मालकीण म्हणाली आणि तिने नोट उजेडाकडे धरून नीट पाहिली. आज कोणी हसलं नाही.