टिकते का बघू

देवघरातला झिरोचा बल्ब लागला. गल्लीतल्या बाकीच्यांसारखाच कुंदानेही तो मुद्दाम थेट खांबावरच्या विजेला जोडून घेतला होता. घर जनरेटरवर चालू असताना लाइट आल्याचं तेवढ्यावरूनच कळायचं.

"कुंदा, आली गं लाइट! बंद कर तो जनरेटर!" समोरच्या तांबटकाकू खिडकीतून ओरडल्या. अख्ख्या गल्लीत जनरेटर नसलेलं त्यांचंच एक घर. काकांच्या ऑक्सिजनच्या मशीनची बॅटरी सकाळीच संपली होती. ते आत्ता कुठे पुन्हा घुरघुरायला लागलं होतं.

विजेचं वाटप हल्ली माणसं करत नव्हती. कंपनीचा यंत्रमेंदू प्रत्येक गल्लीत घटकाभर वीज सोडायचा आणि कोण किती ओढतंय ते पाहायचा. फारशी कोणी ओढली नाही, की इथे गरज नाही असं ठरवून ती पुढच्या गल्लीला द्यायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कुंदाचा नवरा विलास स्विचपाशी गेला. "करू बंद?"

"थांबा जरा. टिकते का बघू," कुंदा म्हणाली. "मागल्या खेपेला आपण एकट्यांनीच बंद केला, आणि लाइट गेलीच ना?"

गल्लीतले सगळे जनरेटर धडधडतच होते. घराघरांत माणसं स्विचवर हात ठेवून आपापल्या बल्बकडे बघत उभी होती. काकू आता एकेका घराचं नाव घेऊन हाका मारत होत्या.

बल्ब विझला. समोरची घुरघुर थांबली.

"बघा," कुंदा समाधानाने म्हणाली, "म्हटलं नव्हतं? टिकतच नाही."