तेलाचा डाग

पडदेवाल्या बाईंनी दिवाणावर नमुन्यांचा गठ्ठा उघडला. आई दिवाणाच्या कडेला बसली होती. बाईंनी मोहरीच्या फुलासारखा पिवळा तुकडा आमच्या गडद निळ्या भिंतीला लावून धरला. “ताई, अशा भिंतीला पडदा उजळच हवा. पण एवढा गडद रंग घेतलात कसा?”

“आईमुळे!” मी हसत म्हणाले. “डोक्यावर चपचपीत खोबरेल थापणार आणि दिवसभर भिंतीला डोकं टेकून बसणार. पांढऱ्या भिंतीवर हा एवढा पिवळट डाग! पाहुण्यांसमोर लाज वाटायची. आता बघा, रंगाला दोन महिने झाले, डाग दिसत तरी आहे का?”

बाईंनी भिंतीवरून तळवा फिरवला. “दिसेल कुठून? डागच नाहीये. भिंत कोरडी आहे.”

मी वळून पाहिलं. आई भिंतीपासून वीतभर लांब, पाठ ताठ ठेवून बसली होती. खिडकीच्या उजेडात तिचे केस पिंजारलेले, कोरडे दिसत होते. असे मी ते जन्मात कधी पाहिले नव्हते.

“तेल लावायचं सोडलंस?” मघाचं हसू माझ्या तोंडावर तसंच अडकलं होतं.

“डोकं जरा खाजतं गं, बाकी काही नाही.” तिनं बोटं पदराला पुसली आणि मगच तो पिवळा तुकडा हातात घेतला. “हा छान आहे. हाच घे.”

मग बाईंकडे वाकून तिनं हळूच विचारलं, “धुतला की डाग जातो ना हो याचा? खिडकीशी मीच बसते.”