टांगलेली कोरफड

कडावच्या भागूबाईने आवसेला दाराच्या चौकटीत कोरफड उलटी टांगली होती, मुळं वर आणि पाती खाली. दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली कोरफड नुसत्या वाऱ्यावर जगते, तिला पाणी दाखवायचं नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी रोज दुपारी तिची मुळं ओली सापडायची.

भागूबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लेक लढाईवर गेलेला. घरात दुसरं माणूस एकच, सून सुंदरा.

"परत पानी घातलंस गं?"

"नाय आत्याबाय. मी हात पन लावला नाय."

"मंग काय, कोरफडीला घाम फुटला?"

आठव्या दिवशी तिने सुनेचं बोचकं अंगणात भिरकावलं आणि तिला खालापूरला माहेरी हाकललं. रडणारी सुंदरा बांधापलीकडे दिसेनाशी झाल्यावरच ती दारातून हलली.

मग तिने मुळं फडक्याने कोरडी पुसली, मागच्या दाराला आतून कडी घातली आणि पुढच्या ओट्यावर धुमसत बसली. आता कशी भिजतात तेच तिला बघायचं होतं.

भर उन्हात, रिकाम्या घरात हंड्यावरचं झाकण वाजलं.

भागूबाई ताडकन उठली. मुळांवरून पाणी ओघळून उंबऱ्यावर ठिबकत होतं. दात-ओठ खात तिने कोरफड हिसकून फेकायला हात वर केला. बोटं भिजली.

तेवढ्यात माजघरातून तिचाच आवाज आला, तसाच संतापलेला.

"परत पानी घातलंस गं?"