हनुवटीवरचं नाव

रविवारच्या दुपारी मूकबधिरांच्या क्लबात नुसता कल्ला चालला होता, फक्त आवाज नव्हता. शिंपी खुर्चीवर चढून हातांनी आठवड्याच्या बातम्या देत होता. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची नोकरी गेली. एखाद्याच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात, ह्याच्या मुठीत भिजत नव्हता. ऐकणाऱ्यांच्या घरी फोन आले होते. ह्या मंडळींना शिंपी होता.

खिळे जुळवणाऱ्याचं मात्र लक्ष दाराकडे. छापखान्यात दिवसभर शिशाचं एकेक अक्षर उचलून लावणारा हा चिकाटीचा गडी, पण आज दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

"अरे बस की! बुडाखाली विंचू आहे का?" शिंप्याने खुणेने विचारलं.

ह्याने हनुवटीवरून तिरकं बोट ओढलं. त्यांच्यातल्या सुताराचं खुणेतलं नाव तेच. लहानपणी पटाशी लागून तिथे व्रण राहिला होता. वीस वर्षांची दोस्ती, आणि हा तिसरा रविवार, सुताराचा पत्ता नाही.

कारण ह्याला ठाऊक होतं आणि तेच आत कुरतडत होतं. कॅरमवरून जुंपली होती. सुतार हात हलवून काहीतरी सांगत होता आणि ह्याने सरळ डोळे मिटून घेतले. कानांवर हात ठेवले तरी ऐकणाऱ्यांना थोडं ऐकू येतंच. इथे डोळे मिटले की समोरच्याची बोलतीच बंद. ह्याहून मोठा अपमान नाही. डोळे उघडले तेव्हा सुतार निघून गेला होता.

"मग घरी जा, हात जोड, मोकळा हो," शिंपी म्हणाला.

"घर कुणाला माहितीये? इथेच तर भेटतो."

"क्लबाच्या वहीत बघ ना. सगळ्यांचे पत्ते आहेत."

"वहीत काय हनुवटी काढलीये? कागदावरचं नाव काय त्याचं?"

शिंप्याने चार जणांना विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. वीस वर्षांत गरजच पडली नव्हती.

"धंदा तर लिहिलाय! आपल्यात सुतार एकच," शिंपी म्हणाला, आणि खुर्चीवरून उतरून त्याने वही आणून दिली.

ह्याचं बोट ओळीओळीने खाली आलं. सुतार. शेजारी नाव, खाली गल्ली.

हे नाव ह्याने पाहिलं होतं. भांडणानंतरच्या गुरुवारी छापखान्यात स्वतःच जुळवलं होतं, हीच गल्ली, सकाळी दहाची अंत्ययात्रा. काळी चौकट वाकडी बसली म्हणून खोलून पुन्हा बसवली होती.

शिंप्याने त्याचा खांदा हलवला. "सापडला का?"

ह्याने हनुवटीवरून बोट ओढलं. पुढचं सांगायला हात उचलला. एकही बातमी कधी न सोडणाऱ्या शिंप्याने ह्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि घट्ट डोळे मिटून घेतले.