वाजणारी मॅट

"हीसुद्धा वाजते," दुकानाच्या फरशीवर, मॅटवर डाव्या कुशीला पडल्या पडल्या माझा नवरा म्हणाला.

सकाळपासूनचं हे तिसरं दुकान. विक्रेत्याने निमूटपणे झडप उघडून मॅटमधली हवा सोडली. सगळ्यात हलकी होती ती. गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी. माझ्या बायपासनंतरचा हा पहिलाच मुक्कामी ट्रेक. "खुशाल जा, फक्त पाठीवर ओझं नको," असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि या माणसाला एकही हलकी मॅट पसंत पडेना! एक म्हणे वेफर्सच्या पाकिटासारखी कुरकुरते, दुसरी चुरचुरते.

माझं डोकंच फिरलं. "हेरंब, सरळ सांग ना, तुला मला न्यायचंच नाहीये! वाजली तर वाजली. तंबूत आपण दोघंच असणार. कुणाची झोप मोडणारे?"

तो उठून बसला. डोळ्यांवरचा चष्मा काढून उगाच पुसत राहिला.

"तू कूस बदललीस की ही वाजणार," तो खाली बघत म्हणाला. "मग तुझा श्वास ऐकू येणार नाही गं. घरी मी रोज ऐकतो. ऐकू आला की मगच झोपतो."

विक्रेता पलीकडे जाऊन नीट लावलेल्या सॅक पुन्हा लावायला लागला.

मी आणखीच चिडले. कोपऱ्यातली फोमची जाडजूड, जड वळकटी ओढून काढली आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिली. हूं की चूं नाही.

"ही द्या," मी म्हटलं. "आणि याच्याच सॅकला बांधा."