पाच मिनिटांचं काम

तिच्या नाकापासून गाडीचं पोट वीतभर वर होतं. जॅकचं हँडल सासऱ्यांच्या हातात होतं.

"बसतोय का?" सासऱ्यांनी विचारलं. खालून तिला त्यांची फक्त पावलं दिसत होती.

"भोकाला भोक जुळत नाही. केसभर घ्या."

सासऱ्यांनी हँडल एकदा दाबलं. गाडी कुरकुरत वर सरकली आणि लोखंडी बार जागेवर बसला. तिने बोल्ट आत घालून पान्याने आवळला. सहापैकी तिसरा. सकाळपासून दोघांचे दोनच शब्द चालले होते. गाडी वर हवी असेल तर 'घ्या', खाली हवी असेल तर 'सोडा'.

गाडी सासऱ्यांच्या तरुणपणातली, दोन दारांची, कापडी टपाची. वर पत्र्याचं छप्पर नाही, त्यामुळे सगळा ताण खालच्या सांगाड्यावर. चाळीस वर्षांत तो मधोमध वाकला होता. दार लावायचं तर आधी उचलून धरावं लागे. त्यावर उपाय म्हणून हा आडवा बार. पण तो नेमका तिथेच बसणार होता, जिथे पुढच्या दोन लोखंडी घोड्यांचा टेकू होता. म्हणून घोड्या काढल्या. आता पुढचा सगळा भार एकट्या जॅकवर होता. पाच मिनिटांचं तर काम, असं दोघंही म्हणाली होती. एरवी शहाणी असलेली माणसंच असलं काहीतरी बोलतात.

खरं तर खाली सासरेच जायचे. पण खांदा धरल्यापासून त्यांचा हात नीट वर जात नव्हता. सुनेला पाना चालवता येत होता. चौदा महिन्यांपूर्वी नवरा घर सोडून गेला, तेव्हापासून नळापासून फ्यूजपर्यंत सगळं तीच बघत होती.

"सकाळी त्याचा फोन आला होता," सासरे म्हणाले.

फोन वाजलेला तिने ऐकला होता. शेवटी मुलगा तो मुलगा. तो दारात उभा राहिला, की आपण बॅग भरायची, हे तिचं कधीच ठरलं होतं. कुठे जायचं, ते काही ठरत नव्हतं.

"परत यायचं म्हणतोय."

पाना निसटला. बोटाचं साल निघालं.

"तर मी त्याला..."

"सोडा, बाबा!"

सासऱ्यांचं लक्ष स्वतःच्या बोलण्यात होतं. हाताने तेवढं ऐकलं आणि हँडल डावीकडे पिळलं. जॅकमधून फस्स आवाज आला आणि गाडी खाली येऊ लागली.

"बंद करा! उजवीकडे! बाबा, उजवीकडे!"

गाडी थांबली तेव्हा बार तिच्या छातीला टेकला होता. श्वास घ्यायचा म्हटलं तर छाती फुगायला जागा नव्हती. तिने मान वळवली. तेवढ्यात हँडल खोबणीतून निघून फरशीवर खणकन पडलं.

"आता काय करू? अगं, मी काय करू?"

ती भयंकर घाबरली होती. पण आपण ओरडलो तर हा माणूस इथेच कोसळेल, हे तिला कळत होतं.

"बाबा, ऐका. हँडल उचला."

"उचललं."

"खोबणीत घाला. घातलं? आता उजवीकडे पिळा. अजून थोडं. आता घ्या. हळू घ्या."

बार छातीवरून उठला. एक बोट. दोन बोटं. चार बोटं झाल्यावर ती सरपटत बाहेर आली. सासरे फरशीवर बसले होते, चेहरा पांढराफटक पडलेला.

"तू म्हणालीस, सोडा."

"विषय सोडा म्हणाले होते मी."

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती, तर दोघंही पोट धरून हसली असती. आता कुणाला हसू फुटेना.

"अजून तीन बोल्ट राहिलेत," सासरे उठत म्हणाले. "मी जातो खाली. ते हँडल आता माझ्या हातात नको."

"तुमचा खांदा?"

"दुखेल. दुखू दे."

तिने गाडीची काढून ठेवलेली दोन्ही चाकं सांगाड्याखाली आडवी सरकवली. हे आधीच सुचायला हवं होतं. मग तिने हँडल धरलं. सासरे कण्हत, स्वतःच्या वयाला शिव्या घालत खाली सरकले.

"मघाशी तू मला पुरतं बोलू दिलं नाहीस," खालून आवाज आला.

तिने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. जे असेल ते एकदाचं ऐकून घ्यायचं.

"मी त्याला सांगितलं, हे घर आता तिच्या जिवावर चाललंय. यायचं असेल तर आधी तिला विचार. ती नको म्हणाली, तर माझंही नकोच. तर म्हणतो, मी तुमचा मुलगा आहे ना? म्हटलं, आहेस ना, म्हणून तर फोन उचलला."

तिचे डोळे भरून आले. गालावरून पाणी ओघळलं, ते तिने तसंच ओघळू दिलं.

"ऐकतेस ना?"

"हं."

"मग तो सतराचा पाना दे इकडे."

पाना तिच्या पायाशीच होता. तिने तो पायाने आत ढकलला.

"अगं, पायाने देतेस?"

"हात मोकळे नाहीत, बाबा."