सदतिसावी बशी

मुठा नदीच्या पाण्यात सापडलेला तो विषाणू जिवाणूत शिरला की दोनच गोष्टी करू शकत असे: एकतर तासाभरात त्याला फोडून बाहेर पडायचं, नाहीतर त्याच्याच जनुकांत जागा धरून पिढ्यानपिढ्या गप्प बसायचं. तो बहुधा गप्पच बसे. विषाणूचं कोणतं जनुक बिघडलं की त्याला गप्प बसता येत नाही, एवढं सापडलं की दीपमालाची पीएचडी होणार होती. सहा वर्षांत तिने छत्तीस जनुकं एकेक करून बिघडवली. दर वेळी जिवाणू वाढवलेल्या बशीत गढूळ ठिपके यायचे, म्हणजे विषाणू गप्पच, आणि दर वेळी तिचे गाइड असलेले सर म्हणायचे, "हरकत नाही, अजून सहा महिने."

आज सकाळी सदतिसाव्या बशीतले ठिपके काचेसारखे स्वच्छ होते. तिथे एकही जिवाणू उरला नव्हता.

तिने बशी उजेडात धरून पुन्हा पाहिली. आता खात्रीसाठी पुन्हा हेच वर्षभर, मग सरांची अमेरिका, मग सरांच्या मुलीचं लग्न, मग जमलं तर लिखाण. खराडीच्या कंपनीत मिळालेल्या नोकरीवर तिला सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"दीपमाला, काही दिसलं का गं?" सरांनी केबिनमधून विचारलं.

"काही नाही, सर."

तिने बशी ब्लीचच्या बादलीत बुडवली, हात धुतले आणि पीएचडी सोडत असल्याचा अर्ज सरांपुढे नेऊन ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला.

"सहा वर्षं किती गप्प होतीस तू. आज अचानक काय बिघडलं?"